मंडप कोणाच्या फाटकासमोर टाकत नाहीत?

२०२५ च्या डिसेंबरातल्या पहिल्या आठवड्यात मामांसोबत हिंगणघाटला एका जिनिंग कारखान्याच्या फाटकासमोर रात्र काढली. सीसीआयच्या, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाच्या, खरेदीची रांग होती. ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी झालेली, स्लॉट मिळालेला, तरी गाडी रात्रीच आणून लावलेली बरी, असं मामांचं म्हणणं. ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे म्हणून त्यांनी कापूस दोन दिवस छपरीत पसरून ठेवला होता. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आणि गावात फिरणारा व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. शेकोटीपाशी बसल्यावर मामांनी विचारलं, “बापू, तू शिकलेला हायेस, मले एक सांग. बाहेरच्या कापसावरची ते अकरा टक्के ड्यूटी एका कागदानं उडाली. तो कागद कोनाच्या सांगन्यावरून निंगाला?”

त्या रात्री जेवढं जमलं तेवढं सांगितलं. इथे जरा नीट मांडतो, कारण हा प्रश्न विदर्भातल्या प्रत्येक कापूसवाल्याचा आहे.

आधी कागदाचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेरून येणाऱ्या कापसावर सगळं मिळून ११ टक्के आयात शुल्क लागलं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते शून्य झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपली पहिली वेचणी बाजारात येते, तोच हा काळ. कापड गिरण्यांच्या संघटना ही मागणी उघडपणे करत होत्या. त्यांची बाजूही खोटी नव्हती. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं होतं आणि गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. पण या निर्णयासाठी संसदेत विधेयक आलं नाही, चर्चा झाली नाही, मतदान झालं नाही. अर्थ मंत्रालयाची एक अधिसूचना निघाली आणि काम झालं.

मागणी करणं वेगळं आणि चंदा देणं वेगळं. मागणी म्हणजे अर्ज घेऊन दारात जाणं. ते तुम्ही-आम्हीही करतो, त्यालाच मोठ्या पातळीवर लॉबिंग म्हणतात. चंदा म्हणजे निवडणुकीसाठी दिलेला पैसा. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, ते गावातल्या गणपतीवरून कळतं.

मंडळाला सगळे वर्गणी देतात. कोणी एकावन्न, कोणी शंभर. एक जिनिंगवाला शेठ एकवीस हजार देतो. तो कधी म्हणत नाही की मूर्ती अशीच आणा, आरती अमक्याच्याच हाताने करा. काहीच मागत नाही. पण मंडप टाकायची वेळ येते तेव्हा तो शेठच्या फाटकासमोर पडत नाही. एकावन्नवाल्या विधवा काकूंच्या दारासमोर पडतो आणि दहा दिवस त्यांना मागच्या बोळातून जावं लागतं. कोणी कट केलेला नसतो, कोणाची नियत खराब नसते. मंडप कुठे टाकायचा हे ठरवताना कोणाचा चेहरा पोरांच्या डोळ्यांसमोर येतो, एवढाच फरक असतो. निवडणुकीच्या पैशाने होतं ते बहुतेक वेळा हेच. लोकांना वाटतं, पैसा दिला आणि मत विकत घेतलं. तसं उघड क्वचितच घडतं. पैशाने दार उघडतं, आणि कायद्याचा मसुदा लिहिताना कोणाची अडचण लिहिणाऱ्याला आठवावी, हे ठरतं.

अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी हे तपासून पाहिलं. एका संघटनेने १९१ खासदार कार्यालयांकडे भेटीची वेळ मागितली. काही पत्रांत लिहिलं की येणारे लोक मतदारसंघातले रहिवासी आहेत, काहींत लिहिलं की येणारे लोक निवडणुकीचे देणगीदार आहेत. कोणाला कुठलं पत्र जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. देणगीदार म्हणून ओळख दिलेल्यांना वरिष्ठ माणसं तीन ते चार पट जास्त वेळा भेटली. मागणी एकच, भेट मागणारी संघटनाही एकच, फरक त्या एका शब्दाचा.

अमेरिकेचं उदाहरण आधी घेतो, कारण तिथे या पैशाची बरीच नोंद उघड्यावर असते. आणि दुसरं कारण तर थेट आपल्या वावराशी जोडलेलं आहे.

तिथे १९०७ पासून कंपनीला आपल्या तिजोरीतून राष्ट्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. मग कंपनीचे अधिकारी, सहकारी संस्थेचे सभासद आपापल्या खिशातून एका वेगळ्या निधीत पैसे टाकतात आणि तो निधी उमेदवारांना देतो. याला ते ‘पॅक’ म्हणतात. एका निवडणुकीला एका उमेदवाराला ५,००० डॉलर, यापेक्षा जास्त नाही. ऐकायला रक्कम लहान वाटते. पण हे पैसे सगळ्या खासदारांना सारखे वाटत नाहीत. शेतीच्या संसदीय समितीत जे बसतात, ज्यांच्या हाताखालून शेतीच्या कायद्याची कलमं जातात, त्यांच्याकडे ते वळतात. पक्ष कुठलाही असो. शिवाय २०१० च्या एका न्यायालयीन निकालानंतर उमेदवाराच्या हातात न देता स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची मुभा कंपन्यांना मिळाली. आणि या सगळ्याहून मोठा खर्च लॉबिंगवर होतो. तो जाहीर करावा लागतो, तसा १९९५ चा कायदाच आहे, आणि २००७ च्या दुरुस्तीनंतर दर तीन महिन्यांनी.

शेतीचा मोठा कायदा, ज्याला ते ‘फार्म बिल’ म्हणतात, साधारण दर पाच वर्षांनी नव्याने येतो. हजारभर पानांचा. गरिबांच्या अन्नापासून मक्याच्या विम्यापर्यंत सगळं त्यात. एवढं कोण वाचतो? ज्याचा नफा त्यातल्या एका ओळीवर टांगलेला आहे, तो.

दुधाची गोष्ट यातली सगळ्यात स्पष्ट आहे, कारण तिच्या तारखाच बोलतात. १२ मार्च १९७१ रोजी अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांनी जाहीर केलं की दुधाचा आधारभाव वाढणार नाही, १०० पौंडांना ४.६६ डॉलरच राहील. दूध उत्पादकांच्या मोठ्या सहकारी संस्था नाराज झाल्या. त्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या पुढच्या निवडणुकीसाठी २० लाख डॉलर द्यायची तयारी दाखवलेली होती. २३ मार्चला त्यांचे पुढारी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात जाऊन भेटले. २५ मार्चला भाव ४.९३ डॉलर झाला. दोन आठवड्यांपेक्षाही कमी दिवसांत.

पुढे निक्सन यांच्या काळातल्या वॉटरगेट घोटाळ्याच्या चौकशीत हे प्रकरण बाहेर आलं. सरकारने खुलासा केला की संसदेतच भाववाढीसाठी एवढा जोर होता की पर्याय उरला नव्हता. त्यात तथ्यही होतं. पण जोर लावणाऱ्या कित्येक खासदारांनाही याच संस्थांकडून निवडणुकीला पैसे मिळाले होते. कोणत्या पैशाने नेमकं कोणतं काम झालं हे न्यायालयात सिद्ध करणं किती कठीण असतं ते इथे दिसतं. लाच घेतल्याचा खटला ज्या माजी मंत्र्यावर भरला, तो १९७५ मध्ये निर्दोष सुटला.

मामांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते वेगळंच बोलले. “म्हंजे ते शेतकरीच होते ना? शेतकऱ्यायनंच पैसे जमा करून भाव वाढवून घेतला?” बरोबर. त्या संस्था गवळ्यांच्या होत्या. हजारो माणसांचे थोडे थोडे पैसे एका जागी आले आणि त्यांना वजन आलं. चंदा वाईट आणि कंपनी वाईट असं सोपं गणित करून चालत नाही ते यामुळे. जो एकत्र येऊन पैसा उभा करू शकतो त्याचं ऐकलं जातं. अमेरिकेत दूधवाले, बीटची साखर करणारे, कापूसवाले हे करू शकले. मेटाकुटीला आलेला तीन एकरवाला कोरडवाहू शेतकरी कुठल्याच देशात हे करू शकलेला नाही.

आता कापूस. अमेरिकेत कापूस पिकवणारी शेतं वीस हजारांहूनही कमी आहेत. आपल्या एका जिल्ह्यात यापेक्षा कितीतरी जास्त कापूसवाले असतील. पण ती शेतं मोठी आणि संघटना पक्की. तिथलं सरकार कापसाला एवढी मदत देत होतं की जगाच्या बाजारात भाव पडतो म्हणून ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. ब्राझील जिंकला. अमेरिकेने मदत बंद करायची सोडून २०१० पासून ब्राझीलच्या कापूसवाल्यांनाच वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. म्हणजे अमेरिकी करदात्याच्या पैशातून स्वतःच्याही शेतकऱ्याला दिलं आणि दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही. जगातल्या बाकीच्या गरीब कापूसवाल्यांना अशी भरपाई मिळाली नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ सुचेनासं झालं होतं.

या वादामुळे २०१४ च्या कायद्यात अमेरिकेला कापसाला नेहमीच्या भाव-आधाराच्या यादीतून काढावं लागलं. मग तिथल्या कापूस संघटनेने मागणी लावून धरली की कापूस नाही तर नाही, सरकीला ‘इतर तेलबिया’ म्हणून यादीत घ्या. २०१६ मध्ये कृषिमंत्री म्हणाले, कायद्याने मला तसा अधिकार नाही. संघटना थांबली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये अर्थसंकल्पाच्या एका भल्या मोठ्या कायद्यात एक नवं पीक जन्माला आलं, त्याचं नाव सरकीसकट कापूस. आपण वेचून आणतो, गाडीत दाबून भरतो आणि फाटकासमोर रात्रभर राखत बसतो तोच माल. नाव बदललं, मदत पुन्हा सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या नव्या कायद्याने या सरकीसकट कापसाचा आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट केला.

याला पैशाचा परिणाम म्हणायचं का? मी असं म्हणेन. चिकाटी, अभ्यास, वकील, समितीतली ओळख, या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो पैसा वर्षानुवर्षं एका जागी लागत राहिला. एका निवडणुकीची देणगी आणि एक कलम अशी जोडी लावायला गेलं तर हाती काही लागणार नाही. चार वर्षं मागे लागून एक शब्द यादीत घुसवला गेला, तो पाहावा.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रस्त्याने जाते. अमेरिकेत खासदार पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, म्हणून पैसा एकेका खासदारापाशी पोचतो. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाने व्हिप काढला की आमदार-खासदाराला तसंच मत द्यावं लागतं, नाहीतर सदस्यत्व जाऊ शकतं. यवतमाळचा आमदार कितीही कळवळ्याचा असला तरी मतदानाच्या वेळी त्याचा हात वरून आलेल्या आदेशाने उठतो. त्यामुळे मोठा पैसा आमदाराकडे जात नाही, पक्षाकडे जातो. आणि शेतीचे कितीतरी मोठे निर्णय मतदानाला येतच नाहीत. आयात शुल्क, साठ्याची मर्यादा, निर्यातबंदी, बीटी बियाण्याच्या पाकिटाचा भाव, हे सगळं अधिसूचना आणि आदेशातून ठरतं. तिथे गाठायची असते फाईल.

पक्षाला कंपनीने देणगी द्यावी की नाही यावर आपण बऱ्याच कोलांट्या खाल्ल्या आहेत. १९६९ मध्ये बंदी घातली, १९८५ मध्ये पुन्हा परवानगी दिली. २०१३ च्या कंपनी कायद्यात मर्यादा होती ती मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्के. २०१७ मध्ये ही मर्यादाच काढून टाकली, कोणत्या पक्षाला दिलं ते नफा-तोटा पत्रकात सांगायची गरजही काढली आणि पुढच्या वर्षी निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा विकत घ्यायचा, पक्षाला द्यायचा, नाव कुठेच जाहीर नाही. या मार्गाने एकूण १६,५१८ कोटी रुपये गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहितीचा हक्क आहे हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. अमर्याद देणगी देणारी कंपनी आणि साधा नागरिक यांचं धोरणावरचं वजन एकसारखं राहत नाही, हे न्यायालयाने मान्य केलं.

आता ७.५ टक्क्यांची मर्यादा परत आली आहे. २०,००० रुपयांच्या वरच्या देणगीचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावं लागतं आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर येतं. त्याच्या खालची देणगी बिननावाची. रोख २,००० पर्यंतच. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला मात्र कसलीच मर्यादा नाही. आणि लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदा आपल्याकडे नाही. कोणती कंपनी, कोणत्या तारखेला, कोणत्या सचिवाला, कोणत्या कलमासाठी भेटली, हे शोधायला नोंदवहीच नाही. आपल्याकडची खरी अंधारी खोली मला हीच वाटते. चंद्याचा थोडा तरी माग लागतो, भेटीचा लागत नाही.

मग आपण पाहायचं काय? मसुद्यात काय होतं आणि शेवटी काय उरलं, ते पाहायचं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. आमच्या भागात त्या दिवसांत फवाऱ्याचा आवाज आला तरी घरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात मोनोक्रोटोफॉसही होतं. हरकतींची मुदत ४५ दिवसांवरून ९० झाली. उद्योगाने जोरदार विरोध केला. ही औषधं स्वस्त आहेत, देशात बनतात, निर्यात होतात, बंदीने शेतकऱ्यालाच महाग पडेल, असं त्यांचं म्हणणं. समित्या बसल्या. २०२३ मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा २७ पैकी ३ वर पूर्ण बंदी होती, मोनोक्रोटोफॉसचं आपल्याकडे वापरतात ते ३६ टक्क्यांचं द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं आणि इतर काहींचे ठरावीक पिकांवरचे वापर काढले. उद्योगाचे मुद्दे शास्त्रीय असतीलही. पण त्या तीन वर्षांत दिल्लीच्या टेबलावर उद्योगाचे तज्ज्ञ, आकडे, वकील होते. ज्या मजुराच्या पाठीवर पंप होता, त्याच्या बायकोची हरकत कोणत्या मुदतीत, कोणत्या भाषेत, कोणत्या ईमेलवर जाणार होती?

किंवा राज्यातलं घ्या. २०२३ मध्ये बोगस बियाणं, खत, औषध विकणाऱ्यावर कडक कारवाई आणि शेतकऱ्याला भरपाई, यासाठी विधेयकं विधिमंडळात आली. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तीन दिवस दुकानं बंद ठेवली. कंपनीने सीलबंद पाकीट दिलं, आत काय आहे ते आम्हाला कसं कळणार, आमच्यावर का गुन्हा, ही त्यांची तक्रार. ती मला रास्त वाटते. विधेयकं संयुक्त समितीकडे होती. पण दुकानदार एका दिवशी राज्यभर शटर ओढू शकतो. वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उभी असलेला माणूस आपलं वावर तीन दिवस बंद ठेवू शकत नाही. निवडणुकीचा चंदा दबावाचा एक प्रकार झाला. शटर हा दुसरा. शेतकऱ्याकडे यातलं नेमकं काय आहे, हा प्रश्न आमच्याकडे निवडणुकीच्या सभेत कोणी विचारत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या बाबतीत हे वेगळं का घडलं? तिथे कारखान्याचा अध्यक्षच कित्येकदा आमदार, खासदार, मंत्री झाला. पैसा द्यायला दुसरीकडे जायची गरजच नव्हती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असं लिहिलेलं आहे. ते नेहमी पाळलं जातं असं नाही, पण लिहिलेलं आहे, त्यावर भांडता येतं. गावात फिरणाऱ्या खाजगी व्यापाऱ्याला बाजार समितीबाहेर दिलेल्या कापसासाठी अशी ओळ शोधून पाहा.

रात्री दोनच्या सुमारास मी मोबाइलवर बियाणे विधेयकाचा नवा मसुदा उघडला. १९६६ चा कायदा बदलायला २००४ पासून प्रयत्न चालू आहेत. हा मसुदा नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आणि हरकती पाठवायची शेवटची तारीख होती ११ डिसेंबर. वेचणीचे दिवस, सीसीआयच्या रांगेचे दिवस. बियाणे कंपन्यांच्या संघटनांना वेचणी नसते. मी कलमं वाचून मराठीत सांगत गेलो. शेकोटीपाशी आणखी चौघे सरकून बसले. एकाच्या सोयाबीनची दुबार पेरणी झाली होती, एकाच्या पऱ्हाटीला बोंडं धरलीच नव्हती. शिक्षा-दंडाचं ऐकून घेतलं, मग मामा म्हणाले, “दंड सरकारले भेटन. मले काय भेटन ते वाच.”

भरपाईचा दावा करायचा एक रस्ता २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यात आहे, पण तो नोंदणी झालेल्या वाणापुरता आणि त्यासाठी जायचं ते दिल्लीतल्या प्राधिकरणाकडे. हे सांगितल्यावर सगळे जरा वेळ गप्प बसले. मग एकेकाने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. बियाणं उगवलं नाही तर पंचनामा किती दिवसांत. भरपाई फक्त पाकिटाच्या किमतीची की गेलेल्या हंगामाची. तालुक्याला दाद मागता येईल का. पावती नसेल तर पाकिटावरचा क्यूआर कोड पुरावा धरणार का. दुकानदार आणि कंपनी यांत जबाबदारी पहिली कोणाची.

पाच मुद्दे, पाच नावं, पाच सातबाऱ्यांचे गट क्रमांक. मामांनी त्यांच्या नावासमोर कंसात ‘३ एकर, कोरडवाहू’ असं लिहायला लावलं. पहाटे रांग सरकली, ग्रेडरने मीटर लावला, ओलावा १०.४ निघाला. काटा होईपर्यंत मी तो ईमेल पाठवून दिला होता.